माडीवरची माडी

आमच्या वसईच्या पट्ट्यात 'माडी' या शब्दाचे दोन अर्थ. एक घराची माडी आणि दुसरी माडाची माडी. पहिली ज्याच्याकडं असायची तो गावातला बडा माणूस. दुसरी जो काढायचा तो भंडारी. आमच्या घराला पहिली कधीच नव्हती. कौलारू बैठं घर, पुढं ओटी, मागं पडवी आणि विहिरीच्या कडेनं चौदा माड. त्यातले सहा माड आजोबांच्या वेळेपासून माडीसाठी राखलेले. कुणी मुंबईचा पाहुणा यायचा आणि विचारायचा, "काय रे, तुमच्या घराला माडी आहे का?" आम्ही पोरं एकमेकांकडं बघून हसायचो आणि म्हणायचो, "सहा आहेत."

ज्यानं हे काम पाहिलेलं नाही त्याला वाटतं, झाडाला भोक पाडलं की दारू गळते. तसं नसतं. माडाची पोय उमलायच्या आत दोरीनं आवळून बांधायची, रोज हलक्या हातानं ठोकायची आणि टोकाला पातळ काप द्यायचा. काप जाड बसला तर पोय लवकर संपते. फारच वरवरचा बसला तर रस येत नाही. टोकाला मडकं अडकवायचं आणि सकाळ-संध्याकाळ वर जायचं, मग पाऊस असो की घरात लग्न असो. एक दिवस चुकला की काप सुकतो आणि मागची सगळी मेहनत फुकट. मडक्याला आतून चुना फासला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला तर मडक्यातच फसफसायला लागतो आणि दुपारपर्यंत त्याची माडी होते. आणखी दोन दिवस राहिली तर आंबट ढाण, मग शिरक्याच्या कामाची. आमच्या ख्रिस्ती शेजारणी नाताळाच्या आधी फुगे करायला माडी न्यायच्या, पीठ तिच्यावरच फुगायचं. एकाच झाडातून पोरांचं सरबत, म्हाताऱ्यांचा घुटका आणि सणाचं पीठ, असं सगळं निघायचं.

बाबांचा एक नियम होता. मिठागरावरची माणसं शनिवारी आठवड्याची मजुरी घेऊन यायची. बाबा माणशी दोन लोटे द्यायचे. तिसरा मागितला की म्हणायचे, "आता घरला जा. पैसे बायकोच्या हातात ठेव आणि मग ये." गेलेला माणूस बहुतेक परत यायचा नाही, आणि बाबांना तेच हवं असायचं. या नियमानं आम्ही काही श्रीमंत झालो नाही. पण आमच्या अंगणात कुणाची बायको रडत आली नाही, एवढं आई शेवटपर्यंत मानेनं सांगायची.

या धंद्याला बट्टा लावला तो कागदानं. १८७८ साली इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात आबकारी कायदा केला. माडी काढायच्या झाडावर कर बसला, झाडांना नंबर पडले. कर असा चढत गेला की कितीतरी भंडाऱ्यांनी आकडी-कोयता खुंटीला टांगला आणि मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली. १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आम्ही तेव्हा ठाण्यातच. पालघर जिल्हा झाला तो आत्ता, २०१४ च्या १ ऑगस्टला. रानात आपोआप पडणारी फुलं वेचून घरात साठवायची म्हटलं तरी आदिवासींच्या मागं सरकार. पुढं स्वातंत्र्य आलं आणि त्यामागून १९४९ चा दारूबंदी कायदा आला. नीरा चालेल, माडी चालणार नाही. सकाळी सातला जी वस्तू कायद्यातली, तीच बारा वाजता चोरीची.

मी तिसरी-चौथीत असेन. दोन हवालदार आले आणि अंगणातली मडकी काठीनं फोडून गेले. आई खापऱ्या गोळा करत होती आणि बाबा ओटीवर बसून स्वतःच्या तळहाताकडं बघत होते. त्यानंतर आमच्या घरात माडी हा शब्द हळू आवाजात बोलायची पद्धत पडली.

दोन-तीन वर्षांनी थोरले काका गेले. श्रावणातली गोष्ट. खोडाला शेवाळ धरलेलं. संध्याकाळचं मडकं उतरवायला ते चढले आणि शेंड्याजवळून खाली आले. मडकं हातात घ्यायला खाली माझा थोरला भाऊ उभा होता. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या संध्याकाळबद्दल तो आजवर एक शब्द बोललेला नाही. बाबांनी त्याच आठवड्यात सहाही माड सोडून दिले, नारळाला.

दादानं पुढं तुळशीची माळ घातली, वारी धरली. वाटण्या झाल्यावर आपला हिस्सा विकला आणि स्टेशनच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत जागा घेतली. लहानपणी आम्ही त्या बाजूला खाचरं आणि खारटणं पाहिलेली. आता तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती, खाली दुकानं आणि रिक्षांच्या रांगा. पाचव्या मजल्यावरची जागा त्याला त्याच भावात मिळत होती, वाराही चांगला होता. दादानं पहिला मजला घेतला. २०१८ च्या जुलैत सगळी वसई पाण्यात गेली, तेव्हा त्याच्या जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्या. तरी म्हणाला, "जमिनीजवळ असलेलं बरं."

आता ज्याच्यामुळं हे सगळं लिहायला बसलो त्या पोराबद्दल. दादाचा धाकटा मुलगा, माझा पुतण्या. बारावी झाल्यावर दादरला हॉटेलचा कोर्स करायला गेला. घरात वाटलं, स्वयंपाकी होईल. तो झाला बारटेंडर. या शब्दाला मराठीत काय म्हणायचं हे घरात कुणाला ठरवता येईना. कुणी विचारलं तर दादा म्हणायचा, "मुंबईत हॉटेलात आहे." वहिनी म्हणायची, "फोर्टात नोकरीला आहे." फोर्ट म्हटलं की ऐकणाऱ्याला बँक वाटते, आणि वहिनीला तेच पाहिजे असायचं.

मागच्या दिवाळीनंतर केळव्याचं स्थळ आलं. मुलगी वसईतल्या एका दवाखान्यात नर्स. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. पत्रिका जमली, मुलामुलीची पसंती झाली. बैठकीत मास्तरांनी सरळ विचारलं, "हॉटेलात म्हणजे नक्की काय काम?" पुतण्यानंही सरळ सांगितलं, "बारमध्ये. पेयं बनवतो." मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन मला आला. म्हणाले, "तुम्ही वाडीवर राबणारे माणूस. तुमच्याबद्दल इकडं दोघातिघांना विचारलं. तुम्ही एकदा ती जागा बघून या आणि मला खरं काय ते सांगा. बार म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं जे येतं, ते तिथं आहे की नाही, एवढंच."

त्यांच्या डोळ्यापुढं काय येत असेल हे मला कळत होतं. हायवेच्या कडेचे लाल दिव्यांचे बार मीही बघतो. हातभट्टीनं आमच्या पट्ट्यातली किती घरं बसली ते मोजायला हाताची बोटं पुरणार नाहीत. २०१५ च्या जून महिन्यात तर मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, सगळी हातावर पोट असलेली. शिवाय मास्तरांचा सख्खा भाऊ दारूनंच गेला, हे मला मागाहून समजलं. मुलीचा बाप म्हणून त्यांचं विचारणं वाजवी होतं.

दादा जाऊ शकत नव्हता. गळ्यात माळ. "तू जा," म्हणाला आणि हरिपाठ उघडून बसला.

मार्गशीर्षातला सोमवार धरला. पुतण्यानंच सांगितलं होतं, "काका, सोमवारी या, सातच्या सुमाराला. गर्दी नसते. आणि येताना विड्याची पानं आणा पन्नासेक." मी पानं खुडली, केळीच्या सोपटात बांधली, वर दहा-बारा कागदी लिंबं टाकली. आधी एव्हरशाईनला गेलो. वहिनीनं त्याच्यासाठी डबा दिला. रिक्षानं स्टेशन गाठलं आणि चर्चगेटची गाडी धरली.

ही लाइन आमच्या ओळखीची. १८६७ च्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. तेव्हापासून वसईची केळी, पानं, भाजी, फुलं आणि दूध याच रुळांवरून मुंबईला जातंय. मी स्वतः चाफ्याची आणि मोगऱ्याची फुलं घेऊन पहाटेच्या गाडीनं दादरला किती वर्षं गेलो त्याचा हिशोब नाही. पण आमची मुंबई दादरच्या फुलबाजारात संपायची. माल टाकला, पैसे मोजले, उसळपाव खाल्ला, परत गाडी. दादरच्या पुढं गेलो तो कुणाच्या दवाखान्यासाठी नाही तर कोर्टाच्या कामासाठी. नुसतं बघायला असा कधी गेलो नव्हतो.

चर्चगेटला उतरून चालतच निघालो. ओव्हल मैदानाच्या कडेला जरा उभा राहिलो. एका अंगाला काळ्या-पिवळ्या दगडांच्या टोकदार कमानी, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर. दुसऱ्या अंगाला गोल गॅलऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या इमारती, बोटींसारख्या दिसणाऱ्या. मध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळालाय. मी पेपरात वाचलं होतं, बघितलं त्या दिवशी. मग काळा घोडा, रीगल आणि गेटवे. गेटवे १९२४ च्या ४ डिसेंबरला खुला झाला. त्याचा पिवळट दगड मालाडकडच्या खारोडीचा, म्हणजे आमच्याच लाइनवरचा. माणसांसारखेच दगडही आमच्या बाजूनं मुंबईला कामाला आले म्हणायचे.

पुतण्याचं हॉटेल अपोलो बंदराच्या मागच्या बाजूला, जुन्या इमारतीत. दारावरच्या माणसानं माझ्या चपलांकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मी पुतण्याचं नाव सांगितलं तसा तो हसला आणि पिशवी माझ्या हातातून घेतली. जाळीच्या दाराची लिफ्ट, आत स्टुलावर बसलेला म्हातारा लिफ्टमन. शेवटचा जिना मात्र पायी.

गच्चीवर पाऊल टाकलं आणि आधी जाणवली ती शांतता. खाली हॉर्न, फेरीवाले, फोटोवाले, नुसता गलका. पाच मजले वर आलो तर वाऱ्याचा आवाज येत होता. दहा-बारा टेबलं, त्यातली तीनच भरलेली. एक म्हातारं पारशी जोडपं. एक गोरी बाई वहीत काहीतरी लिहीत बसलेली. एका कोपऱ्यात ऑफिसातून आलेले दोघंतिघं. गाणं होतं, पण शेजाऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तेवढंच. दिवे मंद. समोर काळं पाणी, त्यावर नांगरलेल्या बोटींचे दिवे. डाव्या हाताला ताजचा घुमट.

असं उंचावरून गप्प बसून बघणं मी फक्त माडावर केलेलं. नारळ पाडायला चढलो की काम झाल्यावर झावळीला टेकून मी जरा वेळ काढायचो. पश्चिमेला अर्नाळ्याचा किल्ला, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. खाली आई कोंबड्यांना हाकलतेय, पण आवाज येत नाही. बाबा म्हणायचे, "वर गेलं की आपल्याला सगळे दिसतात, आपण कुणाला दिसत नाही." बारमध्ये येणारी माणसंही त्याचसाठी येत असतील असं मला तिथं वाटलं.

पुतण्या लाकडी फळीच्या मागं उभा होता, काळं एप्रन लावून. "या काका," म्हणाला. वाकून पाया पडला, गिऱ्हाइकांच्या समोर. मला उंच स्टुलावर बसवलं. पानांची पुडी सोडून एक पान दिव्यापुढं धरलं, शिरा बघितल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

"काय घेणार?"

"तू काय देणार?"

"आधी बिनदारूचं देतो. मग बघू."

मी त्याचे हात बघत बसलो. कोकमाचं आगळ, गुळाचं पाणी, लिंबू, सगळं मापानं. छोट्या पितळी मापात ओतायचा, डोळ्यासमोर धरायचा, मग पेल्यात. अंदाज नाही. बर्फाचा आरपार दिसणारा ठोकळा सुरीनं तासून पेल्याच्या मापाचा केला. शेवटी लिंबाची साल काढली. इतकी पातळ की हिरवा तेवढा आला, पांढरं राहिलं.

"पांढरं आलं तर कडू होतं," तो म्हणाला.

हाच काप बाबा पोयीला द्यायचे. पुतण्यानं आजोबांना झाडावर कधी पाहिलेलं नाही, तो जन्मला तेव्हा आकडी-कोयता माळ्यावर गेलेला. हात कुठून आला कोण जाणे.

मग मी म्हटलं, "आता खरं काहीतरी दे. मास्तरांना सांगायचं तर मला चव कळली पाहिजे."

तो हसला. "परवाना आहे का काका?" मला वाटलं थट्टा करतोय. तर नाही. महाराष्ट्रात दारू प्यायची तर आजही परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपये, जन्मभराचा हजार. त्यात लिहिलेलं असतं की अर्जदाराला आरोग्य राखण्यासाठी दारूची गरज आहे. बिअर-वाईनला वय एकवीस पूर्ण पाहिजे, कडक दारूला पंचवीस. बाबांची मडकी फोडली तोच कायदा. पाच रुपयांत तो मला गच्चीवर बसवून आरोग्य राखायला सांगत होता. मी पाच रुपये दिले.

त्यानं एक बाटली पुढं ठेवली. "ही मोहाची. आपल्या डहाणूत बनते."

मोहाची दारू, लेबल लावलेली, अशा ठिकाणी विदेशी बाटल्यांच्या रांगेत उभी. जी फुलं घरात ठेवली म्हणून वारल्यांच्या झोपड्यांची झडती व्हायची, ती. त्यानं तीस मिली मोजली, त्यात लिंबू, थोडा मध आणि माझ्या वाडीचं एक पान हातावर आपटून वर ठेवलं. मी घोट घेतला. आधी पानाचा तिखट वास, मग फुलांचा, आणि शेवटी धूर. चांगलं होतं. उगाच नाकं मुरडायचं कारण नव्हतं.

"केवढ्याला रे हे?"

"नऊशे. वर कर."

माझ्या केळीचे तीन घड. आणि त्यावरच्या त्या पानाला मला व्यापाऱ्याकडून पन्नास पैसेही सुटत नाहीत. मी विचारलं, "मधले पैसे जातात कुठं?"

"जागेचं भाडं, लायसन्सची फी, कर, बर्फ, माणसांचे पगार." जरा थांबून म्हणाला, "आणि काका, इथं लोक शांततेचे पैसे देतात."

आमच्या माडावर ती फुकट होती. पण हे त्याला बोललो नाही. फुकट तरी कशी म्हणायची. काकांनी तिची किंमत दिलीच होती.

तो ताजकडं बोट दाखवून सांगत होता, तिथला हार्बर बार १९३३ सालचा, मुंबईतला पहिला परवान्याचा बार, लायसन्स नंबर एक. त्याच्या आवाजात देवळाबद्दल सांगावं तसा आदर होता. मी म्हटलं, "त्याच्या पन्नास वर्षं आधी आपल्याकडच्या माडांना सरकारी नंबर पडले होते. आपण त्याच्याहून जुने." हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात हळू आवाजात बोलायची पद्धत ना. मग मी त्याला सगळं सांगितलं, पोय, ठोकणी, चुन्याची मडकी, फुग्याचं पीठ. तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. मध्येच विचारलं, "ठोकायचे कशानं?" "एका काडीवर किती दिवस चालायचं?" असे प्रश्न, जे धंद्यातलाच माणूस विचारतो.

नऊच्या सुमाराला एक पन्नाशीचा गृहस्थ एकटाच आला. कपडे भारी, चेहरा पडलेला. एक झाला, दोन झाले, तिसरा झाला. फोनवर कुणाशी तरी आवाज चढवून बोलला. चौथा मागितला. पुतण्यानं त्याच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला, खाण्याची बशी ठेवली आणि हळू आवाजात काहीतरी इंग्रजीत म्हणाला. गृहस्थ भडकला. आपण कोण आहोत ते त्यानं सगळ्या गच्चीला सांगितलं. पुतण्या दोन्ही हात फळीवर ठेवून उभा. चेहरा हसरा, पण हात बाटलीकडं गेला नाही. शेवटी गृहस्थानं पाणी प्यायलं, थोडं खाल्लं. पुतण्यानं खाली फोन करून त्याच्या ड्रायव्हरला बोलावलं, जिन्यापर्यंत त्याच्या दंडाला हात देऊन गेला. बिलाच्या पाकिटात टीप म्हणून एक रुपयाही नव्हता.

"मालक रागावणार नाही?" मी विचारलं.

"रागावतो कधीकधी. पण आजीनं सांगितलेलं ना, आजोबांचं दोन लोट्यांचं. इथं दोनवर थांबवता येत नाही. पण कुठंतरी थांबवायचं, एवढं मी ठरवलंय."

म्हणजे हळू आवाजात का होईना, आईनं एक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचवली होती.

बार बंद व्हायला मध्यरात्र झाली. फळी पुसणं, पेले धुणं, बाटल्यांत किती उरली त्याची वहीत नोंद. मग दोघं टॅक्सीनं चर्चगेटला आलो आणि विरारची शेवटची लोकल पकडली. डब्यात त्याच्यासारखीच पोरं, हॉटेलांतली, वॉचमन, पेपरवाले. सगळे बसल्याबसल्या झोपलेले. त्यानं वहिनीचा डबा उघडला. गार भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. खाताना मी विचारायचं ते विचारलं.

"तू स्वतः घेतोस?"

"कामात चव बघावी लागते. जिभेवर घेऊन थुंकतो. महिन्यात एखादी बिअर होते मित्रांबरोबर. खोटं कशाला सांगू?"

"आणि हे रोज रात्री दोन वाजता घरी येणं?"

"ते आहे," म्हणाला. "त्याला माझ्याकडं उत्तर नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांना फोन लावला आणि पाहिलं तसं सगळं सांगितलं. तीन टेबलं, पारशी जोडपं, मापानं ओतणं, परवाना, नऊशे रुपये. बिअरचं सांगितलं. रात्री दोनचं सांगितलं. ज्याला नाही म्हटलं तो गृहस्थ आणि रिकामं पाकीट सांगितलं. बाबांच्या दोन लोट्यांचंही सांगितलं, मोठ्या आवाजात. बायको स्वयंपाकघरातून डोकावून बघायला लागली, एवढ्या मोठ्या. मग म्हटलं, "मास्तर, दारू ही दारूच. ती चांगली असं मी सांगणार नाही. पण हा पोरगा ती विकताना झोपलेला नसतो."

पलीकडं बराच वेळ शांत. मग मास्तर म्हणाले, "माझ्या भावाला कुणी एकानं जरी चौथा नाही म्हटलं असतं..." आणि वाक्य तिथंच सोडलं. रात्रपाळीचा प्रश्न मुलीनंच सोडवला. म्हणाली, "बाबा, माझीही नाईट असते. माझ्याबद्दल कुणी विचारलं का?" साखरपुडा अक्षय्य तृतीयेचा ठरला.

हे सांगायला मी एव्हरशाईनला गेलो. वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. आता फोर्टात बँक नाही, बार आहे, असं ती शेजारणीला सांगेल की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी तिनं शिरा केला. दादा खुर्चीत बसून ऐकत होता. ताजचा घुमट, बोटींचे दिवे, पोराचे हात, सगळं मी सांगत गेलो. तो हो-नाही काहीच बोलला नाही. माळेचे मणी बोटांत फिरत होते. वहिनी आत गेल्यावर त्यानं विचारलं, "गच्ची म्हणालास ना? कठडा केवढा आहे तिथं?"

मी हात छातीला लावून दाखवला. "एवढा. दगडी आहे, दादा. रुंद."

"मग ठीक," म्हणाला, आणि चप्पल घालून माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आला.